वेदरायझेशन (घराच्या फटी बुजवून इन्सुलेशन घालणं) केलं तर घरातली हवा कोंडेल का?

गवाक्ष

मध्य न्यू जर्सी. १९६८ सालचं दुमजली कलोनियल, खाली बेसमेंट. बेसमेंट धरून २,८५० चौरस फूट, तीन बेडरूम. नुकतंच एनर्जी ऑडिट करून घेतलं. ब्लोअर डोअरचा (दारात मोठा पंखा लावून घराची गळती मोजतात त्याचा) आकडा ५० पास्कल दाबाला ३,६०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) आला. कोटेशनमध्ये तीन कामं आहेत : ॲटिकचं (छताखालच्या पोकळीचं) एअर सीलिंग म्हणजे फटी बुजवणं, त्यावर आर-६० पर्यंत (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप) सेल्युलोजचं इन्सुलेशन आणि बेसमेंटमध्ये रिम जॉइस्टला (पायाच्या भिंतीवरच्या कडेच्या लाकडाला) स्प्रे फोम. गळती ३० टक्क्यांनी कमी होईल असं म्हणतात.

माझा प्रश्न बिलाचा नाही. घरात दम्याचा त्रास असलेलं लहान मूल आहे. रोज दोन वेळा फोडणी होते आणि शेगडीवर जो मायक्रोवेव्ह आहे त्याचा पंखा हवा परत स्वयंपाकघरातच सोडतो. बाथरूमचे पंखे नुसते आवाज करतात. फर्नेस आणि वॉटर हीटर दोन्ही गॅसवरचे, बेसमेंटमध्ये, एकाच चिमणीला जोडलेले.

फटी बुजवण्याआधी हवेची सोय झाली पाहिजे असं माझं मत. कंत्राटदार म्हणतो, एवढ्या जुन्या घराला वेगळ्या व्हेंटिलेशनची गरजच नसते. कोणतं काम आधी, कोणतं नंतर आणि कोटेशनमध्ये काय काय लिहून घ्यावं, हे जाणकारांनी सांगावं.

पागोळी

आधी हिशोब करू. वरचे दोन मजले ८ फूट उंचीचे आणि बेसमेंट ७ फुटांचं धरलं तर घराचं आकारमान साधारण २१,८५० घनफूट होतं. ३,६०० ला ६० ने गुणून त्याने भागलं की ५० पास्कलला तासाला सुमारे १० वेळा हवा बदलते असं उत्तर येतं. ३० टक्के कमी केल्यावर ७. तुमच्या भागात नवीन घर बांधताना बांधकाम कोडची मर्यादा ३ आहे. म्हणजे या कामानंतरही घर काही डबाबंद होत नाही, तेवढी काळजी सोडा.

पण कंत्राटदाराचा निष्कर्ष मला मान्य नाही. फटींतून येणारी हवा गरजेप्रमाणे येत नाही, हवामानाप्रमाणे येते. जानेवारीत बाहेर गोठलेलं असतं तेव्हा नको इतकी येते आणि एप्रिल-ऑक्टोबरात वारा पडला की जवळजवळ येतच नाही. शिवाय ती कुठून येते तेही बघा. हिवाळ्यात गरम हवा वर चढून ॲटिकच्या फटींतून निसटते, तिची जागा भरायला खालून हवा खेचली जाते. खाली आहे बेसमेंट, बेसमेंटची माती, शेजारी गॅरेज. मुलाच्या खोलीत पोचणारी 'ताजी' हवा या वाटेने आलेली असते.

म्हणून ॲटिकच्या फटी बुजवणं हे हवेच्या दृष्टीनेही चांगलंच काम आहे. वरची गळती थांबली की खालची ओढ कमी होते.

झुळूक

पागोळी, अनुमोदन. एक शंका : त्यापेक्षा खिडक्याच बदलल्या तर? १९६८ च्या खिडक्या म्हणजे वारा खातच असणार.

पागोळी

खिडक्या शेवटी. खर्च सगळ्यात जास्त आणि गळतीत फरक बराच कमी. चौकट आणि भिंत यांच्यातल्या फटीत बॅकर रॉड (फोमची दोरी) आणि कॉक (फट भरायची पेस्ट), पल्ल्यांना वेदरस्ट्रिप, दाराखाली स्वीप, एवढ्याने भागतं. घर १९७८ च्या आधीचं आहे, म्हणजे रंगात शिसं असू शकतं. खिडकीची चौकट खरवडायची किंवा उचकटायची असेल तर शिशाच्या कामाचं प्रमाणपत्र असलेलाच माणूस लावा. २०१० पासून तसा केंद्रीय नियम आहे. घरात लहान मूल असताना यात सूट घेऊ नये.

मिस्त्री_एडिसन

गवाक्ष, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ चिमणीची आहे, आणि कोटेशनमध्ये नेमकी तिचीच दखल नाही.

तुमचा वॉटर हीटर नैसर्गिक ओढीवर चालतो. टाकीच्या डोक्यावर पत्र्याची टोपी असते, तिच्याखाली चारी बाजूंनी मोकळी जागा. धूर गरम असतो म्हणून वर चढतो, त्याला ढकलणारा पंखा नाही. घर घट्ट केलं, नवा दणदणीत हूड बसवला, वर ड्रायर चालू झाला (तो एकटाच मिनिटाला दीडशे-दोनशे घनफूट हवा बाहेर फेकतो) की बेसमेंटमधला दाब उतरतो आणि धूर चिमणीतून उलटा घरात येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो.

त्यासाठीची तपासणी अशी करतात. सगळी खिडक्या-दारं बंद. फायरप्लेस असेल तर तिचा डॅम्पर बंद, राख असेल तर झाकलेली. ड्रायरची जाळी साफ करून तो चालू. बाथरूमचे आणि स्वयंपाकघरातले बाहेर सोडणारे सगळे पंखे चालू. मग फर्नेसचा ब्लोअर चालू-बंद करून आणि आतली दारं उघड-बंद करून बेसमेंटमध्ये सर्वांत कमी दाब कधी होतो ते मॅनोमीटरवर (दाबमापकावर) बघायचं. मर्यादा उपकरणानुसार उणे २ ते उणे ५ पास्कल, म्हणजे फारच थोडी. त्याच अवस्थेत वॉटर हीटर पेटवून टोपीच्या कडेशी धुराची कांडी धरायची. धूर आत ओढला गेला तर ठीक, बाहेर फेकला जात राहिला तर काम तिथेच थांबवायचं. ही तपासणी कामाआधी एकदा आणि कामानंतर त्याच दिवशी पुन्हा. नंतरची टाळतात, आणि खरी गरज तिचीच असते.

आजच बघता येईल अशी खूण सांगतो. टाकीच्या माथ्यावर गरम-गार पाण्याचे पाइप शिरतात तिथे प्लॅस्टिकच्या रंगीत चकत्या असतात. त्या वितळलेल्या किंवा वाकड्या झालेल्या दिसल्या, टोपीखालच्या पत्र्यावर गंज किंवा काजळीचा पट्टा दिसला, तर धूर याआधीही उलटा आलेला आहे.

उपाय : वॉटर हीटर बदलायला आला असेल तर हीट पंपवाला घ्या. धुराचा प्रश्न मुळातूनच सुटतो आणि बेसमेंटची दमट हवा थोडी कोरडी होते. गॅसच हवा असेल तर पंख्याने धूर बाहेर टाकणारा पॉवर व्हेंट. एक मात्र करू नका : फर्नेस तेवढी नवीन, पीव्हीसी पाइपची घ्यायची आणि जुना वॉटर हीटर त्या मोठ्या विटांच्या चिमणीवर एकटा सोडायचा. एकट्या हीटरच्या धुराने एवढी चिमणी तापत नाही, ओढ तयार होत नाही. मग चिमणीत मापाचा लायनर घालावा लागतो.

तिखटमीठ

स्वयंपाकघराबद्दल. मायक्रोवेव्हच्या आतला कोळशाचा फिल्टर थोडा वास कमी करतो. गॅसच्या ज्योतीतून येणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि तेलाच्या धुराचे बारीक कण जसेच्या तसे घरात राहतात. दम्याला हे दोन्ही वाईट.

बऱ्याच मायक्रोवेव्हचा ब्लोअर काढून फिरवून बसवला की तो हवा मागे किंवा वर सोडतो, म्हणजे डक्ट जोडता येतो. पुस्तिका उघडून बघा. पण मायक्रोवेव्ह उथळ असतो, पुढच्या शेगड्यांवरची वाफ त्याच्या तावडीत येत नाही. वेगळा हूड बसवणार असाल तर शेगडीपासून २४ ते ३० इंच उंचीवर, शेगडीइतका किंवा थोडा जास्त रुंद. डक्ट गुळगुळीत पत्र्याचा, व्यास पुस्तिकेत दिलाय त्यापेक्षा कमी नको, वळणं कमीत कमी. ती चकाकती लवचीक नळी स्वयंपाकघरात कधीच नाही, तिच्या घड्यांत तेल साठतं.

४०० सीएफएमच्या वरचा हूड घेतला तर कोड भरपाईची हवा मागतो. त्यापेक्षा छोटा घ्या आणि नीट वापरा. फोडणी मागच्या शेगडीवर करा, पंखा तेल तापायच्या आधी लावा, मोहरी तडतडल्यावर नव्हे, आणि गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. या तीन सवयींनी महागड्या हूडइतका फरक पडतो. हे माझं वैयक्तिक मत.

आळूचं_फदफदं

आमच्याकडे मिरचीची फोडणी बसली की आधी स्मोक डिटेक्टर खोकतो, मग माणसं. :)

मिस्त्री_एडिसन

तिखटमीठ यांचं बरोबर आहे, पण क्रम लक्षात ठेवा. आधी वॉटर हीटरचा निकाल, मग हूड. नैसर्गिक ओढीचा हीटर खाली असताना वर ४०० चा हूडसुद्धा जड जाऊ शकतो.

भूगर्भ

रेडॉनचं, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सर्गी वायूचं, नाव अजून कुणी काढलेलं नाही. रीडिंग प्राँग नावाचा जुन्या खडकांचा पट्टा पेनसिल्व्हेनियातून उत्तर जर्सीमार्गे न्यूयॉर्ककडे जातो. १९८४ मध्ये बॉयरटाउनजवळच्या स्टॅन्ली वॉट्रस यांच्यामुळे अमेरिकेत हा विषय घराघरांत पोचला. लिमरिक अणुवीज केंद्रात कामावर जाताना ते किरणोत्सर्गाचा इशारा वाजवत होते, आणि कारण निघालं त्यांच्या घरातला रेडॉन.

पट्ट्याबाहेरही बेसमेंट असलेल्या प्रत्येक घराने चाचणी करावी. ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची) कृतीची पातळी, म्हणजे जिच्यावर उपाय करायचा ती, ४ पिकोक्युरी प्रति लिटर, जागतिक आरोग्य संघटनेची त्याहून कडक, साधारण २.७. छोटी चाचणी किमान ४८ तासांची. सुरू करायच्या १२ तास आधीपासून खिडक्या आणि बाहेरची दारं बंद हवीत, ये-जा करण्यापुरती उघडली तर चालतात. चाचणीची डबी सर्वांत खालच्या राहत्या मजल्यावर ठेवा, स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये नाही.

वेदरायझेशनच्या आधी एक आणि नंतर एक, अशा दोन चाचण्या करा. घर घट्ट केल्यावर आकडा वरही जाऊ शकतो, खालीही. वरच्या फटी बुजल्या तर ओढ कमी होते, पण एकूण हवा कमी बदलली तर साठा वाढतो. अंदाज बांधण्यात अर्थ नाही. ४ च्या वर आला तर लादीखालून हवा खेचणारी पाइप आणि पंखा बसवतात. पंखा ॲटिकमध्ये किंवा घराबाहेर हवा, बेसमेंटमध्ये नको. पाइप फुटली तर रेडॉन घरातच ओतला जाईल. पाइपवर यू आकाराची द्रवाची नळी असते. दोन्ही बाजूंचं द्रव एका पातळीत दिसलं तर पंखा बंद पडलाय असं समजा.

खिडकीवाला

आता व्हेंटिलेशनचा आकडा. अॅशरे या अमेरिकी अभियंता संघटनेच्या ६२.२ या व्हेंटिलेशन मानकाचं सूत्र : क्षेत्रफळ गुणिले ०.०३, अधिक ७.५ गुणिले (बेडरूम अधिक १). तुमचं ८५.५ अधिक ३०, म्हणजे सतत ११५ सीएफएम. जुन्या घरांना गळतीची वजावट मिळते. ब्लोअर डोअरचा आकडा घालून सॉफ्टवेअर ती काढतं, आणि तुमच्या घराला वजावटीनंतर फक्त ३०-४० सीएफएमचा पंखा पुरतो असं उत्तर येऊ शकतं. कंत्राटदार 'गरजच नाही' म्हणतो ते इथून आलेलं असावं.

स्वस्तातला मार्ग : वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये सतत चालणारा, १ सोनपेक्षा (सोन म्हणजे आवाजाचं माप) कमी आवाजाचा डीसी मोटरचा पंखा. वीज दहा-पंधरा वॅट. बेडरूमच्या दाराखाली पाऊण इंच फट ठेवा म्हणजे बंद दारातूनही हवा फिरते.

पागोळी

खिडकीवाला, ही वजावट मला पटत नाही, निदान या घरासाठी तरी. कागदावर ती हवा ताजी मोजली जाते, प्रत्यक्षात ती बेसमेंट आणि गॅरेजमधून गाळणीशिवाय आलेली असते. नुसता बाहेर फेकणारा पंखा तीच ओढ वाढवतो. दमा असलेल्या मुलासाठी मी ईआरव्ही सुचवेन, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा एकमेकींना उष्णता आणि ओलावा देतात असं यंत्र. बाहेरची हवा मर्व्ह १३ (बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरमधून बेडरूमना, तेवढीच शिळी हवा बाथरूममधून बाहेर. दाब समतोल, त्यामुळे चिमणीलाही त्रास नाही. जर्सीचा उन्हाळा दमट असतो म्हणून नुसती उष्णता देणाऱ्या एचआरव्हीपेक्षा ईआरव्ही बरा. तो बाहेरून येणाऱ्या हवेतला बराच ओलावा जाणाऱ्या हवेला देतो. पण त्याला डीह्युमिडिफायर समजू नका.

बसवताना : ताज्या हवेचं तोंड बाहेर टाकणाऱ्या तोंडांपासून १० फूट दूर. ड्रायर, गॅस मीटर आणि गाडी उभी राहते ती जागा यांच्याजवळ नको. बाहेरच्या दोन्ही नळ्यांना इन्सुलेशन हवं, नाहीतर घाम सुटतो. फिल्टर तीन महिन्यांनी बघायचा. बरेच ईआरव्ही निकामी होतात ते जाळी धुळीने बंद झाल्याने.

खिडकीवाला

दमा असेल तर ईआरव्हीला माझा विरोध नाही. पण ७ एसीएचच्या (५० पास्कलला तासाला ७ वेळा हवा बदलणाऱ्या) घरात तो पूर्ण पैसे वसूल करत नाही, आणि डक्ट टाकायला छतं फोडावी लागली तर खर्च दुप्पट होतो. गॅरेजकडची भिंत आणि दार नीट सील केलं, रेडॉन तपासला, तर साध्या पंख्यानेही भागतं. नंतर पैसे झाले की ईआरव्ही.

कोथरूडची_हवा

अवांतर : हे सगळं पुण्याच्या फ्लॅटला लागू होतं का? इथे फटी बुजवायचा प्रश्न नाही, पण बाथरूममध्ये गॅस गीझर आहे आणि बेडरूममध्ये रात्रभर एसी.

मिस्त्री_एडिसन

गीझर आजच्या आज बाथरूमबाहेर, ड्राय बाल्कनीत हलवा. बंद बाथरूममध्ये तो खोलीतलाच प्राणवायू जाळतो. प्राणवायू घटला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नाही. दरवर्षी यात माणसं जातात. वर एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. खाली दाराला जाळी नसेल तर पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही, आणि मग तो गीझरचा धूरही खाली खेचू शकतो.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच हवा गार करून फिरवतो. दार-खिडकी बंद खोलीत दोघं झोपले तर कार्बन डायऑक्साइड पहाटेपर्यंत २,००० पीपीएमच्या पुढे जाऊ शकतो. १,००० च्या आत हवा. खिडकी बोटभर सरकवून ठेवा किंवा बेडरूमचं दार उघडं ठेवा.

निरांजन

धूप, उदबत्ती, कापूर यांचाही विचार करा. कणांच्या मोजणीत उदबत्ती फोडणीच्या बरोबरीने भरते. देवघर स्वयंपाकघराच्या जवळ असेल तर पूजेच्या वेळी हूड लावा. तुपाचं निरांजन, फुलं आणि चंदनाचं गंध यांनी पूजेत काही उणं राहत नाही.

मिस्त्री_एडिसन

आता ॲटिक, कारण एकदा सेल्युलोज पडलं की खालचं काही दिसत नाही.

सगळ्यात आधी जुनं इन्सुलेशन बघा. राखाडी-सोनेरी, अभ्रकासारखे चमकणारे खडे दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. हात लावू नका, ब्लोअर डोअरही लावू देऊ नका. दुसरं, १९६५ ते ७३ च्या घरांत ॲल्युमिनियमचं वायरिंग सापडतं. जोड आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

फटी कुठे आहेत ते जुनी फायबरग्लासची गादी उचलली की कळतं. जिथे ती खालून काळी पडली आहे तिथून हवा जाते, ती धूळ तिथेच अडकलेली असते. आतल्या भिंतींच्या माथ्यावरची टॉप प्लेट, वायरींची भोकं, सांडपाण्याच्या उभ्या पाइपभोवतीची पोकळी, रिसेस्ड दिवे, ॲटिकचं झाकण : या सगळ्यांना फोम किंवा कॉक. चिमणीभोवती फोम नाही. तिथे पत्रा आणि उच्च तापमानाचं कॉक, आणि सेल्युलोज लांब ठेवायला पत्र्याचं कुंपण. विटांच्या चिमणीपासून लाकूड २ इंच दूर असतं, ती फट पत्र्यानेच झाकायची. सॉफिटकडे (छज्जाखालच्या जाळीकडे) प्रत्येक दोन राफ्टरमध्ये (छताच्या वाशांमध्ये) हवेची वाट मोकळी ठेवणारं बॅफल, नाहीतर सेल्युलोजने छताची हवा बंद होते.

बाथरूमच्या पंख्याचा डक्ट थेट छतातून किंवा भिंतीतून बाहेर. ॲटिकमध्ये सोडून दिलेला किंवा सॉफिटच्या जाळीशी टेकवलेला चालणार नाही, वाफ आत येऊन छताचं प्लायवुड काळं पडतं. ६ इंची पत्र्याचा, इन्सुलेशन गुंडाळलेला, बाहेरच्या बाजूला थोडा उतार. पंखा पाण्याच्या पाव इंच दाबाला किती हवा देतो तो आकडा बघून घ्या. डब्यावर ०.१ इंचाचा आकडा मोठा छापलेला असतो. नवीन पंखा हवा देत नसेल तर आधी डॅम्पर बघा. वाहतुकीसाठी लावलेली चिकटपट्टी तशीच राहिलेली असते, किंवा डक्टचा स्क्रू झडपेत घुसलेला असतो.

झुळूक

हे छापून ॲटिकच्या झाकणाला चिकटवायला हवं.

भूगर्भ

रिम जॉइस्टच्या स्प्रे फोमबद्दल. फवारणीनंतर किमान २४ तास मूल घराबाहेर ठेवा आणि बेसमेंटची हवा पंख्याने बाहेर काढा. मिश्रणाचं प्रमाण चुकलं तर वास महिनोन्‌महिने राहतो आणि फोम खरवडून काढावा लागतो. या घरात मी २ इंची कडक फोम बोर्ड कापून बसवायला सांगेन, चारी बाजूंना अर्धा इंच फट ठेवून ती डब्यातल्या फोमने भरायची. वेळ जास्त लागतो, धोका कमी.

पिंपळपान

काम झाल्यावर काचांवर पाणी दिसायला लागलं तर घाबरू नका, पण दुर्लक्षही नको. आत २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर १० अंशांच्या पृष्ठभागावर पाणी धरतं. आर्द्रता ३५ टक्क्यांवर आणली की तीच मर्यादा ५ अंशांवर जाते. कडक थंडीत ३०-३५ ठेवा. ह्युमिडिफायर चालू असेल तर तो आधी बंद.

फर्नेसला मर्व्ह १३ घालताना एक इंची नका घेऊ, हवा अडते. ४ इंची चौकट बसवा. आणि २०२३ च्या जूनमध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर आला तसे दिवस पुन्हा आले तर ईआरव्ही बंद करून चार २० इंची मर्व्ह १३ फिल्टर आणि बॉक्स फॅन यांचा कॉर्सी-रोझेंथल डबा मुलाच्या खोलीत लावा.

नाणेघाट

पैशांबद्दल : इन्सुलेशनवरची केंद्रीय करसवलत २०२५ अखेर संपली, कंत्राटदार अजून तिचं आमिष दाखवत असेल तर सावध. वीज-गॅस कंपन्यांच्या सवलती वेगळ्या, त्या विचारा. उत्पन्न केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या दुपटीच्या आत असलेल्यांसाठी १९७६ पासूनची वेदरायझेशन असिस्टन्स योजना आहे. तिच्यात धुराची तपासणी आणि ६२.२ नुसार व्हेंटिलेशन सक्तीचं आहे, आणि शेवटी प्रमाणित निरीक्षक येऊन बघतो. परवडत असो-नसो, तुमच्या कंत्राटदाराकडून तेवढीच शिस्त मागा.

गवाक्ष

सर्वांचे मनापासून आभार. वॉटर हीटरच्या चकत्या बघितल्या, दोन्ही वितळलेल्या आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बेसमेंटमध्ये आणि बेडरूमबाहेर लावला. मिस्त्री, कोटेशन परत लिहून घेतोय : आधी हीट पंप वॉटर हीटर, मग ॲटिक, बाथरूमचे पंखे आणि हूड. फर्नेस सध्या तशीच राहील. चालेल ना?

मिस्त्री_एडिसन

वितळलेल्या असतील तर कोटेशनची वाट बघू नका. गॅसच्या माणसाला आज बोलवा, तो येऊन तपासेपर्यंत हीटर बंद ठेवा.

क्रम बरोबर आहे. हीटर निघाल्यावर चिमणीवर फर्नेस एकटी राहते, म्हणून लायनर लागतो का ते चिमणी मोजून लिहून घ्या. बाकी कोटेशनमध्ये चार आकड्यांसाठी जागा सोडायला सांगा : कामानंतरचा ब्लोअर डोअर, सर्वांत वाईट स्थितीतला बेसमेंटचा दाब, फर्नेसच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि प्रत्येक पंख्याचा, प्रवाह मोजायच्या डब्याने मोजलेला, हवेचा प्रवाह. जाळीला टॉयलेट पेपर चिकटला म्हणजे पंखा चालतो, एवढ्यावर सही करू नका. शेवटचा हप्ता हे चारही आकडे भरल्यावर.